घायपातीला चारलेलं खत

वाचनालयाच्या या फळ्यापाशी रोज थांबणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी घडलं ते आजच लिहितो.

रानडुकरं माझ्या धानात शिरतात, म्हणून बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर घायपातीचं काटेरी कुंपण करायचं मी उन्हाळ्यातच ठरवलं. रोपं अगदी लहान मिळाली. आपण पडलो धानवाले. कोवळं रोप दिसलं की आपल्याला चिखल, पाणी आणि शेणखत एवढंच सुचतं. मी काळ्या मातीत वाफा केला, शेणखताचा अख्खा खड्डा त्यात रिकामा केला, वर चांद्याहून आणलेलं नवं पांढरं खतही टाकलं. वाफ्यात न मावलेली चार रोपं मुरमाच्या ढिगावर फेकून दिली.

वाफ्यातली रोपं बघता बघता गलेलठ्ठ झाली. "पाहा भाऊ, कशी फुगून राह्यली!" असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो.

आज ती धुऱ्यावर लावायला उपटली, तर बुडापासून सडलेली. पानं हातात आली, मुळं चिखलातच राहिली. मुरमावरची रोपं बुटकीच होती, पण ती काढायला लोखंडी सब्बल लागली.

शेजारच्या वाफ्यात रोवणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे पिवळे पडले होते, कारण त्यांच्यासाठी खत उरलंच नव्हतं. बायको तिथे उभी राहून म्हणाली, "ज्याले काईच नाई पाह्यजे त्याले भरवलं, अन् जे आपल्याले पोसते त्याले उपाशी ठेवलं. काऊन?"

मी घायपातीच्या वाफ्यात उतरलो. दुपारभर तेच खत खरडून टोपलीनं पऱ्ह्यात टाकत होतो.

तुमचं खत यंदा कुठे गेलं, मंडळी? घरी जाताना एकदा पऱ्हे बघून जा.