अर्ध्या कोयत्याची सभा

आमच्याकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, हिशेबात दोघं मिळून एक. एकटं माणूस गेलं की तो अर्धा कोयता. पण घाटनांदूरच्या अलीकडं आमच्या गावात हा शब्द उसाच्या फडावरून निघून घरोघर हिंडतो. बायकोला माहेरी ठेवून लग्नाला आलेला पाहुणा अर्धा कोयता. एका बैलाचा शेतकरी अर्धा कोयता. ख्वाजा मेकॅनिक तर एकच आरसा उरलेल्या मोटारसायकलीलाही अर्धा कोयता म्हणतो.

आणि छबुकाकू म्हणजे गावचा हक्काचा अर्धा कोयता. काका वारल्यावर मुकादम तिला जोडीदार आण म्हणायचा. ती म्हणायची, बाजारात मिळत असला तर आणते, पण आधी दात बघून घेईन. काकू चिंचोके एकटीच खेळायची आणि हरली की स्वतःशीच भांडायची. पंचमीला खांब धरून एकटीच फुगडी घालायची. खांबाला चक्कर येत नाही, हा त्याचा मोठा गुण, असं तिचं म्हणणं.

गावात बायकांची दूध सोसायटी होती. एका दुष्काळी वर्षी दिवाळी होताच सगळ्या सभासद कर्नाटकात फडावर गेल्या. मागं राहिली काकू आणि तिची एक गाय. पलीकडच्या गावच्या मोठ्या सोसायटीचे चेअरमन सुंदरराव याचीच वाट बघत होते. आमची सोसायटी त्यांना आपल्यात विलीन करून हवी होती. तसं झालं असतं तर गावच्या सडकेवर दूधगाडी येणं बंद, आणि काकूला रोज किटली डोक्यावर घेऊन माळ ओलांडावा लागला असता. बाकीच्या परत आल्यावर त्यांनाही.

सुंदररावांनी खटपट करून सहकार खात्याचे साहेब आणले आणि विलीनीकरणासाठी खास सभा लावली. समाजमंदिरात सतरंजी अंथरली होती. मी दूध तपासायचं मशीन बघायचो, म्हणून दाराशी उभा होतो. सतरंजीवर काकू एकटी. ठेवणीतलं लुगडं, केसात फूल. स्वागताला तिनं नारळ आणला होता. तो तिनं स्वतःच स्वतःला दिला आणि घेतला.

साहेबांनी गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब केली. मग नियमच असा की, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सभा भरते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. सुंदरराव घड्याळाकडं बघत हसत होते. एकट्या बाईला काय, समजावून अंगठा घेऊ, असा त्यांचा अंदाज होता.

अर्धा तास झाला. अध्यक्षीण वत्सलाबाई फडावर, तेव्हा अध्यक्ष कोण, साहेबांनी विचारलं. काकूनं स्वतःचं नाव सांगितलं. कोणाचा विरोध? काकूनं मागं वळून रिकामी सतरंजी नीट न्याहाळली आणि विरोध नाही म्हणून सांगितलं. मग उठून खुर्चीवर बसली.

सुंदररावांना राहवलं नाही. "अर्ध्या कोयत्यानं कुठं सभा होत असती का, वहिनी?"

"अर्ध्या कोयत्यानं बी ट्रॉली भरती, दादा. येळ तेवढा लागतो."

साहेबांनी विलीनीकरणाचा ठराव वाचला आणि सूचक कोण, असं विचारलं. काकू खुर्चीवरून उठली, सतरंजीवर येऊन सभासद म्हणून बसली आणि लुगड्याच्या निऱ्या नीट करायला लागली.

"अहो, कोणीतरी सुचवायला लागतं," सुंदरराव म्हणाले.

"मी तर न्हाई सुचवत. बाकीच्यांला इचारा की."

सुंदररावांनी खरंच सतरंजीकडं बघितलं. सभासद ना ते स्वतः होते, ना साहेब, ना मी. साहेबांनी पेनाचं टोपण चावत लिहिलं की, सूचक नसल्यानं ठराव विचारात घेता आला नाही. लिहिताना त्यांचे खांदे हलत होते.

सभा संपली असं वाटलं, तर काकू पुन्हा खुर्चीवर. ऐनवेळचे विषय राहिले म्हणाली. दूधगाडी सडकेवर न थांबता आत मारुतीच्या पारापर्यंत यावी, असा ठराव तिनं सतरंजीवर उतरून मांडला. साहेबांनी अनुमोदक विचारला. काकूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तिचाही ठराव बारगळला. याचं तिला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबूनही आवरेना. मग साहेब हसले, आणि शेवटी सुंदररावही, जरा उशिरानं. आभार काकूनं मानले, टाळ्याही तिनंच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधगाडी सडकेवर आली. काकूनं अर्धी किटली चढवली आणि माझ्या फोनवरून वत्सलाबाईंना फोन लावायला सांगितलं. सभेचं काय झालं, हे तिनं सांगितलंच नाही. फोन गाडीच्या तोंडाशी धरला आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावलं. पलीकडं आधी उसाच्या पाचटाची सळसळ, मग सगळ्या बायका एकदम ओरडायला लागल्या. मुकादम कुणावर तरी खेकसत होता.

"मावशी, बास का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आणिक एकदा," काकू म्हणाली. "लांब हाय लई."