मुलाला नाव कोण विचारतं?

पंचवटीत माझी पिठाची गिरणी होती. शाळा चौथीत सुटली, पण माणूस पारखायला शाळा लागत नाही, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आताही म्हणतो. गिऱ्हाईक डब्यावर खडूनं नाव लिहून दळण ठेवून जायचं. घरोघरी केबल आली आणि गल्लीतल्या टवाळ पोरांना नवा खेळ सापडला. डब्यावरची नावं पुसून तिथं नटनट्यांची नि क्रिकेटवाल्यांची नावं लिहायची. संध्याकाळी बायका डबे हुंगून आपलं पीठ शोधायच्या.

पंचाईत अशी की तसल्या नावांची खरी माणसंही यायची. बाजरी घेऊन येणाऱ्या एका आजीबाईचं नाव-आडनाव एका नटीचं होतं. खरं नाव सांगा, म्हणून मी तिला दोनदा हटकलं. ती म्हणाली, "मेल्या, माझं बारसं झालं तेव्हा तिची आई तरी जन्मली होती का?" आजीबाई खरी निघाली. पण पुढच्याच आठवड्यात एकजण क्रिकेटवाल्याचं नाव सांगून रांग मोडून दळण घेऊन गेला, आणि तो मात्र खोटा निघाला. तेव्हापासून गाजलेलं नाव कानावर आलं की मी आधी समोरच्याच्या चपला बघायचो. पळायच्या तयारीत आहे का ते कळतं.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या मुलीला कळवणचं स्थळ आलं. मुलगा सातपूरला कंपनीत होता. पाहुणे आले, पोहे झाले. आमच्याकडं बघण्याच्या कार्यक्रमात नाव मुलीला विचारतात. मुलगी मान खाली घालून नाव, शिक्षण सांगते. मुलाला नाव कोण विचारतं? घरचे त्याला दादा म्हणत होते, मीही दादाच धरून चाललो. पत्रिका बघणं मला पटत नाही, त्यामुळं कागदावरही त्याचं नाव आलं नाही. मुलगा शांत होता, चहा घेतल्यावर कप स्वतः आत नेऊन ठेवला. मुलीला तो आवडला होता. तिनं सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून समोरच्या किराणा दुकानाकडं तिचं लक्ष असायचं. आमच्याकडं फोन नव्हता. त्या दुकानातला नंबरच आम्ही पाहुण्यांना दिला होता.

कळवणचे पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. मग एका दुपारी दुकानदारानं हाक मारली. पिठाचे हात झटकत गेलो. पलीकडून आवाज आला, "नमस्कार, मी अमुक-तमुक बोलतोय." अमुक-तमुक म्हणजे पिक्चरमधला नावाजलेला खलनायक. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरी पळवण्यात घालवलेला. मी म्हणालो, "मग मी इन्स्पेक्टर बोलतोय. ठेव." आणि मीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. "काका, ऐका तरी..." मी ऐकलं नाही. गल्लीतल्या पोरांनी आता फोनही धरला, असं दुकानदाराला सांगून आलो. तो हसला, म्हणून मला त्याचाही संशय आला. घरी बायको रोज विचारायची, कळवणहून काही आलं का? मी म्हणायचो, मोठे लोक, वेळ लागतो. मुलगी ताटावरून लवकर उठायला लागली होती.

आठवड्यानं स्थळ आणणारे मध्यस्थ आले, उन्हातून, घाम पुसत. बसलेसुद्धा नाहीत.

"मुलानं बापाचा होकार कळवायला दोनदा फोन केला आणि तुम्ही आपटला म्हणे. ते लोक दुसरीकडं बघायला निघालेत."

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला. मुलगी ऐकत होती. आडनाव पाहुण्यांचंच होतं, पण खलनायकाचं नाव कानावर आल्यावर आडनाव कोण बघतं?

मी टोपी घातली आणि कळवणची एसटी धरली. माफी मागायला नाही. ते नाव खरं आहे का, ते बघायला.

मुलाचे वडील ओट्यावर कांद्याची पात निवडत बसले होते, मुलगा बाजूला उभा. पाणी आलं. वडील मला म्हणाले, "तुमच्याकडचा फोन लय लवकर कटतो."

मी म्हणालो, "मुलाचं नाव काय?"

त्यांनी तेच नाव सांगितलं, खलनायकाचं. मग पात खाली ठेवून म्हणाले, "पिक्चर बघून नाय ठेवलं. माझ्या आज्याचं नाव हे. उलट त्या नटानंच आमच्या म्हाताऱ्याचं नाव बाटवलं. पिक्चर लागला की मी टीव्ही बंद करतो."

माणूस माझ्यासारखाच होता. मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही. म्हणालो, "तुमच्या मुलानं फोनवर नाव आणि आडनाव सांगितलं. मधे बापाचं नाव घातलं असतं, तर मी ठेवला असता का? त्या नटाचा बाप काही तुम्ही नाही."

वडील मुलाकडं वळले. "ऐकलं का? कंपनीत गेल्यापासून मला गाळतोस व्हय?"

मुलगा म्हणाला, "बाबा, ऑफिसात सगळे तसंच सांगतात."

"आम्ही ऑफिसात नाय," वडील म्हणाले, आणि आत बघून चहाला साखर जास्त घाला म्हणून सांगितलं. होकार तसाच राहिला, हे मला त्या साखरेवरून कळलं.

लग्नात उखाण्याची वेळ आली, तेव्हा मांडव आधीच हसायला टेकला होता. आमची नातलग मंडळी खलनायकाचं नाव ऐकायला पुढं सरकली. मुलीनं उखाणा घेतला आणि शेवटी नवऱ्याचं नाव घेतलं, त्याला लगेच सासऱ्यांचं नाव जोडलं, मग आडनाव. हसणारे अर्ध्यात थांबले. व्याह्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. सर्दी झाली होती, असं ते म्हणतात.

चूक माझी नव्हती, हे मी जावयाला पुष्कळदा सांगितलंय. पुढं आमच्या घरीही फोन बसला. जावई फोन करतो तेव्हा आधी बापाचं नाव सांगतो, मग स्वतःचं. मी तरीही विचारतो, "कळवणचेच ना?" तो हो म्हणाला की मग मुलीला फोनवर बोलवायला त्याला सांगतो.