मागच्या बाकावरचे पाच बिंदू

पीएचडीचं विचारूच नका, राव. मोशीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंत्राटी मास्तर. मिळालेली मुदतवाढ शेवटची होती आणि प्रबंध सोमवारी द्यायचा होता. नाही दिला तर पीएचडी गेली, आणि तिच्यामागे नोकरीही.

प्रबंधाचा सगळा डोलारा एका दाव्यावर उभा होता. दिलेला प्रत्येक बिंदू आपली वेगळी अट घालत असेल, तर त्या सगळ्यांतून गुळगुळीत वक्र काढता येतोच. गुळगुळीत म्हणजे कुठे टोक नाही, कुठे स्वतःलाच छेदणं नाही. इतकी वर्षं मी कागदावर बिंदू टाकत आलो, तेही शेंगदाणे सांडल्यासारखे छान विखरून.

शुक्रवारी दुपारी वर्गात म्हटलं, पाच बिंदू द्या, त्यांतून जाणारा द्विघाती वक्र, म्हणजे वर्तुळ-लंबवर्तुळाच्या जातीचा, काढून दाखवतो. मागच्या बाकावर एक मुलगी पेंगत होती, तिलाच उठवलं.

"एक-एक, दोन-दोन, तीन-तीन," ती जांभई देत म्हणाली. आळशीपणाची कमाल! उरलेले दोन पुढच्या बाकांनी दिले. समीकरण सोडवलं, तर त्याचे सरळ दोन तुकडे पडले. दोन रेषा.

"सर, ही तर फुली झाली!" कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मीही हसलो, आणि हसता हसता खडू खाली ठेवला.

तिचे तिन्ही बिंदू एकाच रेषेत होते, आणि तीन बिंदू एका रेषेत आले की द्विघाती वक्राला ती अख्खी रेषा पोटात घ्यावीच लागते. मग उरते फक्त दुसरी रेषा. प्रक्षेपी प्रतलात, म्हणजे जिथं अनंतातले बिंदूही धरतात तिथं, तर समांतर रेषाही भेटतात, त्यामुळे छेद काही चुकत नाही. अटी मात्र पाचही वेगळ्याच होत्या. म्हणजे माझा दावा गेला, तोही शाळकरी उदाहरणानं.

गप्प बसता आलं असतं. पण मला राहवेना, मी मार्गदर्शकांना फोन लावला.

"अट आणखी कडक केली तर, सर? बिंदू विखुरलेलेच हवेत, अशी?"

"मग खरं आहे. पण ते जुनंच आहे हो. सोमवारी नका देऊ."

संत तुकाराम नगरच्या घरी पोचलो, तेव्हा बायको चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आलेली होती. प्रबंध दिला की चार दिवस तिच्या माहेरी जायचं ठरलं होतं. बॅग काढून ठेवली होती तिनं. माझ्याकडे बघितलं आणि बॅग उचलून परत माळ्यावर टाकली.

तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

"आमच्या कंपनीत ऑफिसला माणसं घेतायत," ती म्हणाली. "विचारू का?"

"विचार," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! दावा गेला त्याचंही वाटलं नव्हतं, इतकं वाईट मला त्या सहजपणाचं वाटलं.