कुंपणाजवळची कळलावी

मी लिहावं एवढी माझी पायरी नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तरी लिहितो, कारण राग जात नाही. चुकलं तर क्षमा करावी.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात, घरामागच्या कुंपणाला कळलावी होती. पावसाळ्यात वेल वर चढे. पानाचं टोकच तारेसारखं वळून काटकीला धरून ठेवी. पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, वर लाल; मधली दांडी काटकोनात मोडल्यासारखी. हिवाळ्यात वर काही उरत नसे, पण नांगराच्या आकाराचा विषारी कंद मातीत जिवंत राही.

गावच्या सुईणबाई अडलेल्या बाईच्या पोटावर तो उगाळून लावत. एक फाटा मोडून घ्यायचा, दुसरा परत मातीत ठेवायचा, ही त्यांची रीत.

नागपूरला वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कंदासकट झाड मागितलं. भाद्रपदात मी गावी जाऊन अख्खा कंद उपटून आणला. वर्गात माझं कौतुक झालं. मी फुगलो.

दिवाळीत घरी गेलो तर बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस पौषात भरणार होते. सुईणबाईंनी मला कुंपणाशी नेलं.

"पुरा खोदला काऊन? शिकून राह्यला म्हणे."

मी म्हणालो, जंगलात पुष्कळ आहे.

"आहे ना. पौषात मले दाखवजो कुठी आहे ते."

पुस्तकातल्या खुणा सगळ्या पानाफुलाच्या. पौषात त्यातली एकही दिसत नाही.

नागपूरला परतून मी कंद परत मागितला. प्राध्यापक हसले. "तो आता कॉलेजचा नमुना आहे. असल्या खुळ्या समजुतींसाठी शिकता का तुम्ही?"

मी मान खाली घातली. त्या मानेचा मला अजून राग येतो. कंद उगाळून बाळंतीण सुटते, असं मीही मानत नाही. पण बाईंचा भरवसा त्यावर होता, आणि तो मी उपटून कपाटात नेऊन ठेवला होता.

पौष सरताना वडिलांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. बहीण बरी आहे. कळा सुरू झाल्यावर बाई कुदळ घेऊन जंगलात कंद शोधायला गेल्या. त्यांच्या मागे बाळ झालं. नाळ मानेभोवती होती, ती सोडवणारं घरात कोणी नव्हतं. मुलगी होती.