कुणीच वापरत न्हाई

शेजारणीचा हा भाऊ पुण्याहून तळेघरला आला की बोलता बोलता तिच्या जास्वंदीची वाळकी पानं खुडत राहायचा. त्याची नोकरीही तसलीच. प्रिंटर चालवणारा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यात जुन्या सिस्टिमसाठी राखलेला कोड काढून टाकायचं काम ह्याचं. "लई कचरा, गुरुजी. ती सिस्टिम आता कुणीच वापरत न्हाई."

यंदा ऐन निकालाच्या तोंडावर शाळेचा प्रिंटर मेला. नवा आणला, तर आमचा देणगीतला जुना कॉम्प्युटर त्याला ओळखेना. मी ह्याला बोलावलं. 'ही सिस्टिम चालणार नाही' ही पडद्यावरची ओळ त्याने दोनदा वाचली.

"हे मीच काढलंय."

"मग घाल की परत."

"तसं व्हत न्हाई, गुरुजी. काढलं ते काढलं."

वाईट वाटलं असावं. मुलांची गुणपत्रकं तो हाताने लिहायला बसला. अक्षर सुरेख, आणि त्याचाच मला जास्त राग आला. इतकी वर्षं शाळेवरून जाणारा हा माणूस पहिल्याच कागदावर थबकला.

"शाळेचं नाव काय लिवू?"

"लिही," मी म्हणालो, "कुणीच न्हाई."