वसुंधराबाईंची तुर्की

तुळिंजच्या वसुंधरा केळसकर साठी उलटल्यावर तुर्की शिकायला लागल्या, ही बातमी शेजारच्या सुहासिनीने सोसायटीभर वाटली, तीही चांगली मीठमसाला लावून. "भाजीवाल्याशी हिंदीत भांडताना हिची बोबडी वळते, आणि म्हणे तुर्की!"

पण बाईंना गरज होती. मुलगा संकेत नोकरीला तुर्कस्तानात इझमीरला गेला आणि तिथल्याच एलिफशी लग्न ठरवून बसला. वर आईला सांगतो, "तू मोबाइलवरच बघ गं. इथे तुझ्याशी बोलणार कोण? कंटाळशील."

एकुलत्या एक मुलाचं लग्न मोबाइलवर! पण विहिणीने स्वतः बोलावल्याशिवाय जाणार नाही, हा केळसकरांचा ताठा. म्हणजे विहिणीशी ओळख वाढवायला हवी, म्हणजेच तुर्की यायला हवी.

मोबाइलवरच्या मास्तरणीची शिकवणी सुरू झाली, आणि बाई रोजचा धडा सुहासिनीला ऐकवू लागल्या. "'एव' म्हणजे घर, 'एवदे' म्हणजे घरात. शब्दाला शेपूट लावायचं, क्रियापद शेवटी ढकलायचं. अगं सुहास, ही तर आपलीच भाषा, चुलत्याकडे वाढलेली!" मग घड्याळ. 'उच' म्हणजे तीन, 'उच बुचुक' साडेतीन. पावणेतीनला मात्र 'तीनला पाव आहे' म्हणायचं.

"पाव आहे? मग मस्का कुठाय?" सुहासिनी म्हणाली.

शेवटी विहीणबाई नेर्मिन यांना फोन लागला. नाव झालं, तब्येत झाली, 'मी घरात आहे' हेही सांगून झालं. बोलावणं काही येईना. हिरमुसून बाई फोन ठेवायला निघाल्या. आता निघताना 'जाते' कोण म्हणतं आपल्यात? अभद्र! बाईंनी गोड आवाजात तुर्कीत सांगितलं, "गेलियोरुम." येते हं.

पलीकडे आनंदाचा चीत्कार. "कधी? किती वाजता?"

पुढच्या फोनचं विचारतायत, असं समजून बाईंनी ठसक्यात उत्तर दिलं, "यारन, बेश बुचुकता." उद्या, साडेपाचला.

दुसऱ्या दिवशी संकेतचा फोन.

"आई, कुठेयस तू?"

"एवदेयिम."

"मराठीत बोल! सासूबाई तासभर इथे विमानतळावर उभ्या आहेत, हातात फुलं घेऊन. दोन मावश्याही आणल्यात! तू 'येते' म्हणालीस त्यांना?"

"मग काय 'जाते' म्हणू? हेच वळण लावलं का रे तुला?"

तेवढ्यात नेर्मिनबाईंनी फोन ओढून घेतला आणि सुसाट सुटल्या. त्या पुरात वसुंधराबाईंच्या हाती दोनच शब्द लागले. 'ओदा' म्हणजे खोली, आणि 'हाझर' तर आपलंच हजर.

"काय म्हणाल्या रे? नीट सांग."

संकेतने सुस्कारा सोडला. "खोली तयार आहे म्हणतायत. कधीही या. आणि तू आल्याशिवाय लग्नाची तारीख धरणार नाहीत."

"स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या ना?"

"हो गं आई."

"मग तिकीट काढ. आणि त्यांना सांग, तोवर फुलं पाण्यात ठेवा."