वेगळी ठेवलेली वांगी

मॉलमध्ये वांग्यांचं चकचकीत पाकीट उलटसुलट करून बघताना अमरावतीचं आमचं फाटक आठवलं. भातकुलीची कांताबाई तिथं भाजीची टोपली उतरवायची आणि आई एकेक वांगं दाबून, हुंगून बघायची. एका सकाळी कडेला वेगळी ठेवलेली वांगी आईनं उचलली, तर कांताबाईनं तिचा हात धरला.

"हे नका घेऊ, वहिनी."

"कावून? कोनासाठी ठेवून रायली?" म्हणत आईनं हट्टानं तीच घेतली.

विळीवर चिरली, तर सगळी किडकी. "मी घ्यावे म्हनूनच कांताबाई नको म्हने," आई ओशाळून पुटपुटली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याच टोपलीशी बसली.

या पाकिटावर 'ताजी, निवडक' छापलंय. मी आजूबाजूला पाहिलं. नका घेऊ म्हणणारं कुणीच नव्हतं. पाकीट परत ठेवलं.